तिसऱ्या ओळीवरचं बोट

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची नावं आधी सांगते. सखाराम बाबाजी घाडी, माझा आजो. आणि गणू तुकाराम मेस्त्री, ज्याला मी कधी पाहिलंच नाही. मी बारावीत होते त्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बोरिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या पटांगणात हा अन्याय झाला. वेळ मला नक्की माहीत आहे. त्या मिनिटाला आजोकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी मंडपात टांगलेल्या घड्याळाकडे बघत होते. करणारे तिघं होते: सोसायटीचे सेक्रेटरी साटमकाका, माझे बाबा आणि मी. पत्रक मी लिहिलं होतं, तेव्हा माझं नाव पहिलं घाला.

माझं वय आठवणी लिहायचं नाही, हे मला सांगू नका. तिशी यायची आहे अजून. पण म्हातारी झाल्यावर लिहायला बसले तर हे प्रकरण मी गोड करून टाकीन अशी मला भीती वाटते. गोड करून लिहिण्याचा हात मला लहानपणीच बसला होता, आणि त्यानेच घोळ घातला.

आमचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. गॅलरीतून नॅशनल पार्कची टेकडी दिसायची. पार्कातली माकडं पाइपावरून चढून यायची आणि आईने वाळत टाकलेली सांडगी मिरची चावून, तोंड पोळून, परत फेकून द्यायची. सकाळी सहापासून घरात आवाज सुरू व्हायचे. आईचा मिक्सर, बाबांचं खाकरणं, वरच्या शाहबेनच्या घंटीचा किणकिणाट. आणि या सगळ्याच्या खाली एक संथ आवाज, चपलांचा. आजो गॅलरीत फिरायचा. बारा पावलं, थांबा, मागे वळा, बारा पावलं. गॅलरी पंधरा पावलांची होती, तरी तो बाराव्यालाच वळायचा. लहानपणी मी विचारलं होतं, "आजो, तीन पावलं का सोडतोस?" तर म्हणाला, "पुलार तितकीच जागा होती गो." दूरवरून लांब पल्ल्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला की चालता चालता त्याचा उजवा हात कपाळाकडे जायचा आणि खाली यायचा. माशी हाकलावी इतक्या सहज. पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी सवय आहे. सवयच होती.

आजो टेरिटोरियलमध्ये होता. पूर्ण पलटणीतला नव्हे. गोऱ्यांच्या काळात अशी एक फौज असायची, गावातल्या पोरांनी वर्षातून एक महिना कॅम्पला जायचं, कवायत शिकायची आणि परत येऊन नांगराला लागायचं. गावात त्यांना अर्धे शिपाई म्हणायचे. आजो गेला बुटांसाठी आणि दोन वेळच्या भातासाठी, हे तो स्वतःच सांगायचा, लाजायचा नाही. मग लढाई सुरू झाली आणि त्या वर्षीचा महिना संपलाच नाही. त्याला आणि त्याच्या वाडीतल्या गणू मेस्त्रीला एका खाडीवरच्या रेल्वेच्या पुलावर उभं केलं. पूल कोणी उडवू नये म्हणून. अख्खी लढाई त्याने त्या पुलावर काढली. पूर्वेकडे जाणाऱ्या पलटणींच्या गाड्या त्यावरून जायच्या, खिडक्यांतून पोरं हात हलवायची, हे दोघं सलाम ठोकायचे. शत्रू म्हणून जे काही आलं ते डासांच्या रूपाने आलं. गणू हिवतापाने तिथेच, पुलाच्या टोकाच्या झोपडीत गेला. पाळी बदलायला माणूस यायचा होता, म्हणून अंगात ताप असताना त्याने आपली पाळी पुरी केली आणि मग आडवा झाला तो उठलाच नाही. लढाईत मेला नाही, म्हणून कुठल्या दगडावर त्याचं नाव नाही. अर्धा शिपाई होता, म्हणून कुठल्या वहीत आहे की नाही तेही कोणाला माहीत नाही. गोरे गेले तेव्हा आजोला सांगितलं, तू खरा शिपाई नव्हतास. आपलं राज्य आलं तेव्हा सांगितलं, तू गोऱ्यांचा होतास. दोन्हीकडून दार बंद. मग तो मुंबईला गिरणीत आला आणि गप्प बसला.

काचबिंदूने त्याचे डोळे गेले तेव्हा मी पाचवीत होते. तेव्हापासून पेपर वाचून दाखवणं हे माझं काम. सकाळी शाळेआधी, चहात बटर बुडवत. आंबोळीचा दिवस असला तर एका हातात आंबोळी. आजोचा नियम एकच होता, "जा छापला हा, ताच वाच. गाळू नको." मी अग्रलेख वाचायचे, टेंडर नोटिसा वाचायचे, हरवला-सापडला वाचायचे, निधनवार्ता तर वयासकट. एकदा कंटाळून बाजारभाव गाळले. दुपारी त्याने रेडिओवर ऐकले. संध्याकाळी मी आल्यावर म्हणाला, "सकाळी कांदे महाग झाले, ता माका रेडिओन सांगितला. तू कित्याक नाय सांगलंस?" ओरडला नाही. पण त्यानंतर मी एक अक्षर गाळलं नाही. त्याला दिसत नव्हतं आणि माझे डोळे त्याचे होते, असा आमचा करार होता. अर्थात तो मी मोडेपर्यंतच.

त्या वर्षी सोसायटी पुनर्विकासाला जाणार हे ठरलं. नकाशात मागच्या पटांगणाच्या जागी पार्किंग दाखवलं होतं. पटांगण म्हणजे काय होतं? एक वाकडं चिंचेचं झाड, क्रिकेटची घासलेली पट्टी, संध्याकाळी बायकांची ओळ. पण मोकळं होतं, आणि आमचं होतं. मी सतरा वर्षांची, डोक्यात वारं. सह्या गोळा केल्या, भित्तिपत्रकं चिकटवली, "आमचं पटांगण आम्हाला हवं" असं पांढऱ्या रंगाने भिंतीवर लिहिलं आणि शिव्या खाल्ल्या. आज मी पत्रकं लिहूनच जगते, पाड्यांवरच्या पाण्यासाठी, तुटणाऱ्या घरांसाठी. ते सगळं त्या पटांगणात सुरू झालं.

साटमकाकांनी मला जिन्यात गाठलं. गुळगुळीत माणूस, खिशाला नेहमी दोन पेनं. म्हणाले, "अगं, सह्यांनी काय होत नाही. जागेला नाव लागलं पाहिजे. एखाद्या मोठ्या माणसाचं नाव लागलं ना, की मग बिल्डर पण हात लावायला घाबरतो. तुझे आजोबा फौजी होते ना?"

"टेरिटोरियलमध्ये होते. पुलावर."

"तेच ते. आपण त्यांचा सत्कार करू, विभागातल्या पुढाऱ्याला बोलवू, पाटी लावू. तू पत्रक लिही. तुझं मराठी झकास आहे."

मी उड्या मारतच घरी आले. आजोला सांगितलं. तो आधी नकोच म्हणाला. "माजा नाव कित्याक? मी काय केलंय?" मग गॅलरीत दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "गणूचा नाव घेतीत?"

"कुठे?"

"भोंग्यार. सगळ्यांदेखत."

तेवढंच हवं होतं त्याला. त्याने मला दोन ओळी सांगितल्या. एक स्वतःची, एक गणूची. "गणूची मोठी झाली तरी चलात," म्हणाला. मी त्या वहीत जशाच्या तशा उतरवल्या आणि त्यावरून पत्रक केलं. साधं, सरळ. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं चांगलं पत्रक होतं, आणि ते कधी छापलंच गेलं नाही.

साटमकाकांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय गं? पुलावर उभे राहिले? वॉचमनला कोण हार घालतं का? आणि गोऱ्यांच्या बाजूने म्हणे. पुढारी येणारेत, त्यांची वाट लावतेस का?"

"पण खरं तेच आहे."

"खरं राहू दे ना घरात. ब्रह्मदेश घाल. गोऱ्यांची फौज सोडून स्वातंत्र्यसेनेत गेले, जंगलात लढले. त्या वेळेला किती जण गेले होते, कोण तपासणार आहे? आणि हा गणू काढ. पाटीवर एकच नाव बसतं."

मी भांडले. मग बाबांकडे गेले, ते माझ्या बाजूने उभे राहतील अशा खात्रीने. बाबा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, उभं राहून राहून पाय सुजायचे, संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसायचे. बादलीतल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "लिही साटम सांगतो तसं."

"बाबा! आजो कधी ब्रह्मदेशात गेला?"

"मला शाळेत काय म्हणायचे ठाऊक आहे? गोऱ्यांचा वॉचमन. मास्तर पण हसायचे. पंधरा ऑगस्टला बाकीच्यांचे बाप झेंड्याखाली, माझा गिरणीत. एक दिवस, एकच दिवस, मला बापाचा हार घातलेला फोटो बघू दे. कोणाचं काय बिघडतंय? आणि पटांगण तुलाच पाहिजे ना?"

तिथे मी मोडले. बाबांचे सुजलेले पाय, पटांगण, आणि खरं सांगायचं तर साटमकाकांचं ते 'झकास'. एका बैठकीत दुसरं पत्रक लिहिलं. जंगल घातलं, दलदल घातली, गोळ्यांचा वर्षाव घातला. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला, आणि याचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

छापून आलं ते गुलाबी कागदावर. साटमकाकांनी गठ्ठा हातात दिला आणि म्हणाले, "आजोबांना वाचून दाखव. त्यांनी हो म्हटलं की वाटायला काढू. उगाच आयत्या वेळेला नाटक नको."

आई स्वयंपाकघरात कुळथाची पिठी ढवळत होती, कोकमाचा वास घरभर. आजो गॅलरीत खुर्चीवर. मी त्याच्यासमोर पत्रक धरलं, घसा खाकरला आणि पहिलं पत्रक म्हणून दाखवलं. पाठ होतं मला. छापलं होतं एक, वाचलं दुसरं. पूल, गणू, ताप, शेवटची पाळी, सगळं. आजो मान हलवत ऐकत होता. गणूचं नाव आलं तेव्हा त्याने डोकीवरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गणूचा नाव कितव्या ओळीत इला?"

"तिसऱ्या."

"खय? माजा बोट ठेव थय."

मी त्याचं बोट धरलं. जाडं, नखाला काळी रेघ असलेलं बोट. आणि तिसऱ्या ओळीवर ठेवलं. तिथे छापलं होतं, 'ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यात गोऱ्यांशी दोन हात केले.' तो त्या ओळीवरून सावकाश बोट फिरवत राहिला, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. मग कागदाची घडी करून टोपीत ठेवली. "बरा लिवलंस गो चेडवा," म्हणाला. "गाळूक नाय काय."

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. पत्रक तिनेही सकाळी वाचलं होतं, सातवी शिकलेल्या तिच्या वाचण्याने, एकेक शब्द जुळवत. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, परत आत गेली. पिठी करपली त्या दिवशी. आमच्या घरात पिठी कधी करपत नसे.

रविवारी मंडप भरला. आजोला नवी टोपी, जुन्या टोपीतली घडी आता तिच्यात, आणि बाबांनी इस्त्री केलेला सदरा. पहिल्या रांगेत शाहबेन, मागे पोरंटोरं, भजीचा घाणा सुरू. बाबांनी एका पोराला फोटोसाठी तीनदा बजावलं. पुढारी आले, हार झाले आणि त्यांनी माझं पत्रक माइकवर वाचायला घेतलं. आजोने टोपीतून आपली घडी काढली, मांडीवर पसरली आणि बोट ठेवलं. वरच्या कडेपासून अंतर चाचपून, बरोबर तिसऱ्या ओळीवर. आणि वाट बघू लागला. पुढाऱ्यांचा आवाज भारदस्त होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. "ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यात..." मी घड्याळाकडे बघितलं. अकरा दहा.

टाळ्या वाजल्या तेव्हा मला खाली बघावं लागलं. बोट कागदावरून उचललं गेलं होतं आणि हवेत तसंच राहिलं होतं.

आता आमच्या सोसायटीचा एक रिवाज होता. काही नवं करायचं तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि ते घालायचा मान आजोचा. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. एक जण देवाला मोठ्याने सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पाटीवरचा पडदा काढायच्या आधी साटमकाकांनी माइक आजोसमोर धरला. आजो उठला. नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप.

"आता जा वाचल्यानी, ता माज्या नावान लिवलेला आसा, पण ता माजा न्हय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी ब्रह्मदेश बगूक नाय. मी पूल राखलंय. बंदूक गोऱ्याची होती, पूल आमचो होतो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या वांगडा गणू होतो. तेचा नाव हय येवचा होता. जेनी पुसल्यान, तेका तू बरी बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं. साटमकाकांनी म्हटलं, बाबांनी म्हटलं. माझ्याही तोंडून बाहेर पडलं, सवयीने, मोठ्याने.

आणि मग टाळ्या. शाहबेनने डोळे पुसले. "कित्ती छान बोल्ले दादा," मला म्हणाली. तिला मालवणी कळत नव्हती, 'वांगडा' म्हणजे 'सोबत' एवढंही नाही, पण ज्यांना कळत होती त्यांनी तरी काय केलं? गाऱ्हाणं कोणी ऐकत नसतं, व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. म्हाताऱ्याने भोंग्यावर, सगळ्यांदेखत खरं सांगितलं, आणि सगळ्यांनी एका आवाजात मान्य करून भजी खायला घेतली. पडदा सरकला. 'स्वातंत्र्यसैनिक सखाराम बाबाजी घाडी पटांगण.' बाबांना त्यांचा फोटो मिळाला. त्यात आजोचा चेहरा हारात झाकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन गॅलरीत गेले. आजो बटर बुडवत होता. मी पहिला मथळा वाचायला घेतला, तर म्हणाला, "रव दे. तुजे डोळे दुखतत." नुसतं तेवढं. मग आत हाक मारली, "सूनबाय, जरा वाचून दाखव." आई पदराला हात पुसत आली. मोठी अक्षरं जुळवत, अडखळत वाचू लागली. आत कांदा जळत होता, आणि आजो मान पुढे करून, एकेका शब्दासाठी थांबत ऐकत होता. तो त्यानंतर दोन वर्षं होता. माझ्याशी बोलायचा, माझ्या परीक्षेची चौकशी करायचा, माझ्यासाठी आंबोळी राखून ठेवायचा. पेपर मात्र आईनेच वाचायचा. गाडीचा भोंगा आला की हात अजून कपाळाकडे जायचा. मला त्याने कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्याने ती सोय ठेवली नाही.

मी माफी मागितली का? नाही. तीनदा गॅलरीच्या दारापर्यंत गेले. एवढं धाडस मोर्चात आहे माझ्यात, पोलिसांसमोर आहे. त्या दारात नव्हतं.

आणि पटांगण? ऐका. साटमकाकांनी पुनर्विकासाच्या कागदावर सही केली, पार्किंगसकट. चिंच पाडली. आता तिथे तीन मजली पार्किंग आहे, आणि पितळेची पाटी जपून, पॉलिश करून, त्याच्या तोंडाशी लावली आहे. फक्त शेवटचा शब्द बदलला. माझा आजो आज गाड्यांवर पहारा देतो, तोही खोट्या गणवेशात. पाटी बदलण्यासाठी मी चार अर्ज दिले. उत्तर आलं, पुरावा काय? ब्रह्मदेशाचा पुरावा तेव्हा कोणी मागितला होता?

बाबा आता थकलेत. मध्ये एकदा त्या पाटीखालून जाताना म्हणाले, "काढ बाई ती, जमलं तर." त्यांचीही सही अर्जावर आहे. आजही माझं कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर मी कागद धरते आणि दुसऱ्या कोणालातरी वाचायला लावते. स्वतः वाचत नाही.

आजोने सांगितलेल्या दोन ओळींची वही माझ्याकडे आहे. अर्ज, पाटी, साटमकाका, ते मी बघून घेईन. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. हे पुस्तक हातात धरा, घरात जो कोणी असेल त्याला हाक मारा, समोर बसवा, आणि खाली लिहिलंय ते वाचून दाखवा. मनातल्या मनात नको, मोठ्याने. तो 'हो हो' म्हणाला तर थांबा, आणि त्याला खरंच ऐकू येईपर्यंत पुन्हा वाचा. जे छापलंय तेच वाचा. गाळू नका.

सखाराम बाबाजी घाडी. लढाईत पूल राखल्यान, कोणाक मारल्यान नाय.

गणू तुकाराम मेस्त्री. तेच्या वांगडा होतो, तापान गेलो, पण आपली पाळी पुरी केल्यान.